आयता कोड आणि त्याची मालकी
प्रस्तावना

वेब फ्रेमवर्कमधला कोड जनरेटर म्हणजे प्रोग्राम लिहून देणारा प्रोग्राम. टर्मिनलवर एक ओळ टाइप करायची, टेबलाचे आणि त्यातल्या रकान्यांचे नाव द्यायचे, की काही क्षणांत डझनभर फाईली तयार होतात. डेटाबेसमध्ये टेबल उभे करणारी मायग्रेशन, त्या टेबलाचा कारभार पाहणारे मॉडेल, ब्राउझरकडून आलेली मागणी हाताळणारा कंट्रोलर, यादीचे पान, एका नोंदीचे पान, नव्या नोंदीचा फॉर्म, दुरुस्तीचा फॉर्म, रूटची ओळ आणि चाचण्यांचा सांगाडा असा सगळा संसार मांडून मिळतो. यातले काहीच अवघड नसते. पण प्रत्येक टेबलासाठी तेच ते लिहावे लागते आणि तेच ते लिहिताना माणसाच्या हातून चुका होतात. हा कंटाळा आणि या चुका टाळण्यासाठी जनरेटर आले.

त्यांच्या फायद्या-तोट्यांची चर्चा बहुतेक वेळा किती तास वाचले या हिशेबावरच थांबते. हे पुस्तक तो हिशेब मान्य करून पुढचा प्रश्न विचारते: फाईली तयार झाल्या, जनरेटर बाजूला झाला, आता त्या कोडचा मालक कोण? त्यात चूक निघाली तर दुरुस्ती कोणी करायची, फ्रेमवर्कची नवी आवृत्ती आली तर तो कोड कोणी बदलायचा, आणि मूळ आराखडा बदलला तर हाताने केलेल्या सुधारणांचे काय होणार? वेगवेगळ्या फ्रेमवर्कनी या प्रश्नांना वेगवेगळी उत्तरे दिली आहेत आणि या क्षेत्रातले पंथ त्या उत्तरांवरूनच पडले आहेत.

कोड लिहून देणाऱ्या साधनांचा इतिहास वेबच्या कितीतरी आधीचा आहे. १९५९ मध्ये आयबीएमने १४०१ या संगणकासाठी आरपीजी आणले. अहवाल कसा हवा ते ठरावीक तक्त्यांत भरून दिले की अहवालाचा प्रोग्राम तयार होई. सत्तरच्या दशकात बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी याक हे साधन लिहिले. त्याला भाषेचे व्याकरण दिले की ते पार्सर तयार करून देते आणि त्याच्या वंशातली साधने आजही वापरात आहेत. १९८१ मध्ये जेम्स मार्टिन यांनी प्रोग्रामरशिवाय सॉफ्टवेअर तयार करण्याचा पुरस्कार करणारे पुस्तक लिहिले. त्यानंतरच्या दशकात चौथ्या पिढीच्या भाषा आणि आराखड्यावरून कोड काढणारी साधने यांचे मोठे पीक आले. त्यातली बरीचशी टिकली नाहीत. साध्या पडद्यांपर्यंत ती छान चालत, पण धंद्यातली एखादी खास अट आली की जनरेट झालेल्या कोडमध्ये हात घालावा लागे आणि तिथून पुढे साधन व कोड यांची फारकत होई.

ही फारकत महाराष्ट्रात एका पिढीने फॉक्सप्रो या डेटाबेस प्रणालीत प्रत्यक्ष पाहिली. दुकाने, पतपेढ्या आणि लहान कारखाने यांचे हिशेब जेव्हा फॉक्सप्रोवर चालत, तेव्हा १९९१ च्या फॉक्सप्रो २.० मध्ये पडद्याची मांडणी माऊसने करता येई आणि जेनस्क्रीन नावाचा प्रोग्राम त्या मांडणीवरून कोड लिहून देई. घाईत असलेला प्रोग्रामर ग्राहकाची एखादी मागणी थेट त्या तयार कोडमध्ये भागवी. महिनाभराने पडद्यावर एक रकाना वाढवायचा म्हणून पुन्हा जनरेट केले की हाताने केलेली दुरुस्ती पुसली जाई. पुढे १९९५ मध्ये व्हिज्युअल फॉक्सप्रो आले आणि कोड लिहून काढण्याची पायरीच गेली. फॉर्मची मांडणी ज्या फाईलमध्ये साठवलेली असे, तीच थेट चालू लागली. आज ज्यांना वेगवेगळे पंथ म्हणतात त्यातले दोन एकाच उत्पादनाने असे चार-पाच वर्षांच्या अंतराने वापरून पाहिले होते.

याच सुमारास पुण्यात या विषयावर मोठ्या आकाराचे काम चालू होते. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने १९८१ मध्ये स्थापन केलेल्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर या संशोधन केंद्रात मास्टरक्राफ्ट हे साधन घडले. बँका आणि विमा कंपन्यांच्या प्रचंड प्रणालींसाठी आधी धंद्याचे मॉडेल लिहायचे आणि त्यावरून पडदे, मधला थर आणि डेटाबेस या तिन्हींचा कोड जनरेट करायचा, अशी त्याची रीत. विनय कुलकर्णी आणि श्रीधर रेड्डी यांनी या अनुभवावर लिहिलेला लेख २००३ मध्ये आयईईई सॉफ्टवेअर या नियतकालिकात आला. त्या कामामागचा विचार आजच्या वेब प्रोग्रामरनेही समजून घ्यावा इतका मोलाचा आहे: धंद्याचे नियम आणि तंत्रज्ञानाचे तपशील वेगवेगळे लिहून ठेवले, तर तंत्रज्ञान बदलले तरी नियम पुन्हा लिहावे लागत नाहीत, जनरेटर तेवढा बदलावा लागतो. त्याची किंमतही ठरलेली आहे. मॉडेल हाच खरा सोर्स मानायचा आणि जनरेट झालेल्या फाईलला हात लावायचा नाही, ही शिस्त सगळ्या संघाला पाळावी लागते.

वेब फ्रेमवर्कच्या जगात जनरेटर घरोघरी पोचला तो रूबी ऑन रेल्समुळे. डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन यांनी बेसकॅम्प या उत्पादनातून रेल्स वेगळे काढून २००४ मध्ये खुले केले. पंधरा मिनिटांत ब्लॉग उभा करून दाखवणारी त्यांची चित्रफीत पाहून कितीतरी प्रोग्रामर जुनी साधने सोडून रेल्सकडे वळले. रेल्सच्या या जनरेटरचे नाव स्कॅफोल्ड, म्हणजे इमारत बांधताना बांधतात ती परांची. काम झाले की ती काढायची असते, हा अर्थ नावातच आहे, पण पुष्कळ प्रकल्पांत ती कायमचीच राहिली. सुरुवातीच्या रेल्समध्ये एक ओळ लिहून चालत्या प्रोग्रामातच पडदे उभे करणारे स्कॅफोल्डही होते. २००७ च्या अखेरीस आलेल्या रेल्स २.० मधून ते काढले गेले आणि फाईली लिहून देणारे तेवढे उरले. पीएचपीच्या जगात केकपीएचपीचे बेक, सिम्फनीचा ॲडमिन जनरेटर, यीचे गी आणि २०११ मध्ये टेलर ऑटवेल यांनी आणलेल्या लारावेलचे आर्टिझन ही त्याच घरातली भावंडे. गीचा एक गुण इथे नोंदवायलाच हवा. जुन्या फाईलवर नवी फाईल लिहिण्याआधी ते दोन्हींतला फरक ओळीगणिक दाखवते आणि मग परवानगी मागते. मालकीच्या प्रश्नाला जनरेटरने दिलेला इतका साधा आदर फार थोड्या साधनांत आढळतो.

आज या क्षेत्रात ढोबळमानाने तीन वाटा दिसतात. पहिली एकदाच लिहून देणाऱ्यांची. रेल्सचे स्कॅफोल्ड, लारावेलच्या मेक कमांड, अँग्युलर सीएलआय ही साधने तीत मोडतात. कोड मिळाला की तो प्रोग्रामरचा. जनरेटर तो पुन्हा ओळखत नाही. दुसरी वाट वारंवार जनरेट करणाऱ्यांची. एपीआयच्या वर्णनावरून क्लायंट कोड काढणारा ओपनएपीआय जनरेटर हे तिचे रोजच्या वापरातले उदाहरण. इथे वर्णन हा सोर्स आणि कोड हे त्याचे फळ, म्हणून कोडला हात लावायचा नाही. हात लावणे टळावे यासाठी बऱ्याच युक्त्या निघाल्या. २००५ च्या सी शार्प २.० ने एकच क्लास दोन फाईलींत विभागायची सोय दिली, म्हणजे एक फाईल साधनाची आणि दुसरी माणसाची. २०१३ पासूनचे जेहिप्स्टर दोन्ही वाटांच्या मध्ये उभे आहे. प्रश्न विचारून ते स्प्रिंग बूटचा सगळा प्रकल्प उभा करते आणि नव्या आवृत्तीच्या वेळी जनरेट झालेला मूळ कोड गिटच्या वेगळ्या शाखेत ठेवून मग तो प्रकल्पात मिसळते.

तिसऱ्या वाटेवर कोड लिहिलाच जात नाही. जँगो हे फ्रेमवर्क अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स या गावच्या वृत्तपत्राच्या कचेरीत घडले आणि २००५ मध्ये खुले झाले. पत्रकारांना माहिती भरता यावी म्हणून त्याचे ॲडमिन पान मॉडेलची व्याख्या वाचून चालता चालता पडदे उभे करते. मुंबईतल्या फ्रॅपे टेक्नॉलॉजीजने ईआरपीनेक्स्टसाठी घडवलेले फ्रॅपे फ्रेमवर्क ही वाट आणखी पुढे नेते. त्यात डॉकटाइप नावाची व्याख्या भरली की फॉर्म, यादी, परवानग्या आणि एपीआय त्या व्याख्येवरूनच चालतात. खास नियम लिहिण्यासाठी पायथॉन आणि जावास्क्रिप्टच्या छोट्या, जवळजवळ रिकाम्या फाईली तेवढ्या तयार होतात. रकाना वाढला तर पुन्हा जनरेट करायचे काहीच नसते. अडचण येते ती पडदा व्याख्येच्या पलीकडे न्यायचा असतो तेव्हा. मग फ्रेमवर्कच्या पोटात शिरावे लागते, आणि ते एखादा साधा कंट्रोलर वाचण्याइतके सोपे नसते.

फायदे आणि तोटे उदाहरणात घातल्याशिवाय नीट दिसत नाहीत, म्हणून या पुस्तकाने एकच व्यवहार धरला आहे: वरणगाव परिसरातल्या एका केळी व्यापाऱ्याची खरेदीवही. तापीच्या दोन्ही काठांवर, भुसावळ, यावल आणि रावेर तालुक्यांत हा व्यवहार इतका ओळखीचा आहे की वाचकाला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही. शेतकऱ्याचे नाव, गाव, बाग मृगबाग की कांदेबाग, माल नवतीचा की पिलबागेचा, वजन आणि क्विंटलचा भाव, एवढे रकाने रेल्सच्या स्कॅफोल्डला दिले की चालणारी वही हातात येते. वर्गात ती पाहताना विद्यार्थ्यांना होणारा आनंद खरा असतो आणि पुस्तक त्याला कमी लेखत नाही. पहिल्याच तासाला चालणारी गोष्ट हातात आली की पुढे शिकण्याची उमेद टिकते. शिवाय सगळ्या फाईली ठरलेल्या जागी, ठरलेल्या नावांनी असतात. पुण्याच्या कंपनीत असाच प्रकल्प उघडणाऱ्या नव्या मुलाला कोणती गोष्ट कुठे शोधायची ते आधीच ठाऊक असते. हा एकसारखेपणा जनरेटरचा सगळ्यात टिकाऊ फायदा आहे.

आता तीच वही जवळून पाहू. वजनाचा रकाना दशांश प्रकारचा आहे. अशा रकान्यासाठी रेल्सचे स्कॅफोल्ड साधी मजकुराची चौकट देते. मराठी कीबोर्ड वापरणाऱ्या कारकुनाने तिथे देवनागरी अंकांत १२.५ भरले, तर रूबी ते अंक आकडे म्हणून ओळखत नाही. टेबलात शून्य साठवले जाते आणि पडद्यावर नोंद यशस्वीपणे झाल्याचा संदेश येतो. कुठेही चूक दाखवली जात नाही, कारण मॉडेलची फाईल जनरेटरने तपासणीच्या एकाही ओळीशिवाय दिलेली असते. संख्या तपासणारे व्हॅलिडेशन एका ओळीचे आहे. ते घातले की हीच नोंद अडवली जाते. पायथॉन मात्र देवनागरी अंक व्यवस्थित वाचतो. म्हणजे हा दोष भाषेप्रमाणे बदलतो आणि जनरेट झालेला कोड नुसता पाहून तो लक्षात येत नाही. मराठी वापरकर्त्यांसाठी काम करणाऱ्याने तपासायच्या यादीत हा मुद्दा अगदी वर असला पाहिजे.

भावाचे दुखणे याहून खोल आहे. केळीचा भाव रोज बदलतो. तो वेगळ्या टेबलात ठेवून बिलाच्या पानावर तिथून वाचला, तर आजचा भाव भरताच कालची बिलेही बदलतात. खरेदीच्या क्षणीचा भाव त्या नोंदीतच कायम झाला पाहिजे. हे ज्ञान व्यापाराचे आहे. रकान्यांच्या नावांतून ते जनरेटरच्या कोणत्याच साच्याला कळणार नाही. आणखी एक गोष्ट: स्कॅफोल्ड प्रत्येक नोंदीपुढे ती पुसण्याचे बटण देते आणि ते दाबणारा कोण आहे हे विचारत नाही. पैसे चुकते झालेली खरेदी पुसता येणारी वही कोणताही व्यापारी बाळगणार नाही.

नावांचाही एक अडथळा आहे. रेल्स मॉडेलच्या नावाचे इंग्रजी नियमांनी अनेकवचन करून टेबलाचे नाव ठरवते. खानदेशातल्या विद्यार्थ्याने रोमन लिपीत कापूस या नावाचे मॉडेल मागितले, तर शेवटचा स पाहून जनरेटर ते अनेकवचन समजतो, तशी सूचना छापतो आणि कापू नावाचे मॉडेल बनवतो. सक्तीचा पर्याय देऊन किंवा अनेकवचनाचे आपले नियम लिहून यातून वाट निघते. पण ती सूचना न वाचणारा विद्यार्थी पुढचा तासभर कापूस शोधत बसतो.

सुरक्षेच्या बाबतीत इतिहासाने एक ठळक धडा दिला आहे. सुरुवातीच्या रेल्समध्ये जनरेट होणारा कंट्रोलर फॉर्ममधून आलेली सगळी मूल्ये जशीच्या तशी मॉडेलला देत असे. फॉर्ममध्ये नसलेला रकाना कोणी बाहेरून जोडून पाठवला, तर तोही साठवला जाई. मार्च २०१२ मध्ये येगोर होमाकोव यांनी याच वाटेने गिटहबवर रेल्सच्या प्रकल्पात स्वतःची किल्ली घालून दाखवली. २०१३ मध्ये आलेल्या रेल्स ४ ने कोणते रकाने स्वीकारायचे ते कंट्रोलरमध्ये स्पष्ट लिहिणे भाग पाडले आणि तेव्हापासून स्कॅफोल्डही ती यादी लिहून देते. साचा चांगला असेल तर सुरक्षेची सवय हजारो प्रकल्पांत आपोआप पोचते; साचा सदोष असेल तर दोषही तितक्याच वेगाने पसरतो. आणि साचा सुधारला तरी आधी तयार झालेला कोड सुधारत नाही. लायब्ररीतला दोष नव्या आवृत्तीने जातो, पण जनरेट होऊन प्रकल्पात बसलेल्या फाईलला आवृत्ती नसते. रेल्स ८ ने २०२४ मध्ये लॉगिनचा कोड लिहून देणारा जनरेटर आणला, तेव्हा हा जुना वाद पुन्हा जिवंत झाला: लॉगिन डिव्हाइजसारख्या लायब्ररीवर सोपवावे की आपल्या ताब्यातल्या, वाचता येणाऱ्या कोडमध्ये ठेवावे? जो संघ तो कोड खरोखर वाचणार आहे त्याने तो आपल्याकडे ठेवावा, इतरांनी लायब्ररी वापरावी, असे या पुस्तकाचे मत आहे.

साधनाचा स्वतःचा शेवट हाही हिशेबात धरावा लागतो. रिॲक्टचा प्रकल्प उभा करून देणारे क्रिएट रिॲक्ट ॲप २०१६ मध्ये आले. त्याने सगळी जुळवणी एका पॅकेजमागे लपवली आणि ती उघडी करून आपल्या ताब्यात घ्यायला इजेक्ट ही एकेरी वाट ठेवली. अनेक अभ्यासक्रमांचा पहिला धडा याच कमांडने सुरू होई. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिॲक्टच्या संघाने ते अधिकृतपणे निवृत्त केले. त्यावर उभे असलेले प्रकल्प लगेच बंद पडले नाहीत, पण त्यांच्या मालकांना आपली जुळवणी कशी चालते ते प्रथमच समजून घ्यावे लागले.

हे सगळे आता मांडायचे कारण कृत्रिम बुद्धिमत्ता आहे. जून २०२१ मध्ये गिटहब कोपायलट मर्यादित लोकांसाठी खुले झाले, नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले, आणि कोड लिहून घेणे ही टर्मिनलवरची कमांड न राहता बोलीभाषेतली विनंती झाली. जुना जनरेटर त्याच आज्ञेला दर वेळी तोच कोड देतो. त्याचा साचा एकदा तपासला की विश्वास ठेवता येतो. भाषा मॉडेल त्याच विनंतीला आज एक आणि उद्या दुसरा कोड देऊ शकते, आणि अस्तित्वात नसलेल्या पॅकेजचे नावही बिनदिक्कत सुचवते. उलट, भाव नोंदीत कायम करायचा आहे ही अट त्याला वाक्यात सांगता येते, जी स्कॅफोल्डला कधीच सांगता आली नसती. साठ वर्षांत जमलेला जनरेटरचा अनुभव इथे थेट उपयोगी पडतो. सोर्स कोणता, फळ कोणते, हात कुठे लावायचा, तपासणी कोणी करायची, हे प्रश्न नव्या साधनालाही तसेच लागू आहेत.

उत्तर महाराष्ट्राच्या दृष्टीने यात आणखी एक निकड आहे. वरणगावातली मुले भुसावळ आणि जळगावच्या महाविद्यालयांत बीसीए, डिप्लोमा, अभियांत्रिकी शिकतात. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प बहुधा एखाद्या फ्रेमवर्कवर उभा असतो आणि त्याचा मोठा भाग जनरेट झालेला असतो. तो तसा असण्यात गैर काही नाही. पण तोंडी परीक्षेत एखादी फाईल उघडून ही ओळ काढली तर काय होईल असे विचारले आणि उत्तर आले नाही, तर प्रकल्प चालत असूनही विद्यार्थ्याचा झालेला नसतो. मुलाखतीत आणि नोकरीच्या पहिल्या महिन्यात हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत परत येतो. या विषयावरचे लेखन मराठीत थोडे आहे आणि इंग्रजी पाठ्यपुस्तके जनरेटरची कमांड देऊन पुढे जातात, त्यामुळे या मुलांची इथेच जास्त अडचण होते.

म्हणून पुस्तकाने क्रम उलटा ठेवला आहे. खरेदीवहीचे पहिले टेबल हाताने लिहायचे, मायग्रेशनपासून फॉर्मपर्यंत. मग तेच जनरेट करून दोन्ही कोड शेजारी ठेवून वाचायचे. त्यानंतर तिन्ही वाटांनी, म्हणजे रेल्स व लारावेल, ओपनएपीआय, आणि जँगो व फ्रॅपे यांत, तोच व्यवहार उभा राहतो आणि प्रत्येक ठिकाणी मधेच एक रकाना वाढवला जातो, कारण साधनांतला खरा फरक त्या बदलाच्या वेळी उघडा पडतो. स्वतःचा साचा कसा लिहायचा, संदेश आणि लेबले मराठीत कशी आणायची, जनरेट झालेला कोड गिटमध्ये वेगळ्या कमिटने कसा नोंदवायचा, म्हणजे पुढे साधनाचे काय आणि माणसाचे काय ते कळेल, याचाही विचार केला आहे. कोणते फ्रेमवर्क निवडावे याचा निवाडा पुस्तक देत नाही, आणि कोड न लिहिता ॲप बनवून देणारे व्यापारी मंच त्याच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत. वाचकाला एचटीएमएल, थोडे एसक्यूएल आणि कोणतीही एक प्रोग्रामिंग भाषा येते असे धरले आहे. उदाहरणे चालवण्यासाठी साधा लॅपटॉप पुरतो. इंटरनेट फक्त पहिल्यांदा पॅकेजेस उतरवून घेताना लागते.